सिकलसेल आमचा, प्रयोगशाळा कोणाची?

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांमध्ये ‘सिकल’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लहान लेकराचे हातपाय सुजतात, डोळे पिवळे पडतात, रात्र-रात्र सांध्यांत कळा येतात, दवाखान्यात नेऊन रक्त चढवावे लागते. लग्न जुळवताना पत्रिका पाहू नका, रक्ताचा रिपोर्ट पाहा, ‘एएस’ आणि ‘एएस’ यांची गाठ बांधण्यापूर्वी विचार करा, असे आपले कार्यकर्ते वस्तीवस्तीत सांगत फिरतात. पण याच वस्तीतील मुलगी बायोटेक्नॉलॉजी शिकली, पीएच.डी. झाली, मोठ्या सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लागली आणि आपल्या घरातल्या आजारावर संशोधन करते आहे, असे चित्र किती ठिकाणी दिसते? दिसत नसेल तर का दिसत नाही? आमच्या मुलांत बुद्धी नाही म्हणून, की वाटेत कुणीतरी फाटक लावून ठेवले आहे म्हणून? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर रसायनशास्त्रापासून सरकारी परिपत्रकांपर्यंत बरेच काही उलगडावे लागते.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या तांबड्या रक्तपेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. ते अमिनो आम्लांच्या साखळ्यांचे बनलेले असते. त्यातील बीटा साखळीत १४६ दुवे असतात. या १४६ पैकी फक्त सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येऊन बसते आणि तेवढ्याने सगळा घोळ होतो. प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच हा दोष आला तर माणूस फक्त वाहक, म्हणजे ‘एएस’. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडून आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक मुलामागे रुग्ण होण्याची शक्यता चारात एक.

हा दोष टिकला कसा? वाहक माणसाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवले. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, त्या आफ्रिकेत, अरबस्तानात आणि मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात तो राहिला. याचा कुठल्याही समाजाच्या ‘शुद्ध-अशुद्ध’ असण्याशी काडीचा संबंध नाही. मात्र तो ठराविक जाती-जमातींतच एकवटून का राहिला, याचा संबंध जातीशी निश्चित आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी निबंध वाचला, त्याचे सूत्रच हे होते की जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथल्या समाजांची सरमिसळ चालू होती आणि त्यानंतर ती थांबत गेली, असा त्याचा निष्कर्ष आहे. बाबासाहेबांनी समाजशास्त्रातून जे मांडले, त्याचा माग ९७ वर्षांनी रक्ताच्या नमुन्यांत निघाला.

आता या आजाराचे रसायनशास्त्र कुणी शोधले ते पाहा, कारण ‘गुणवत्ता’वाल्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे, हे सिद्ध करणारा निबंध १९४९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यावर पहिले नाव लायनस पॉलिंग यांचे. जगप्रसिद्ध केमिस्ट, पुढे दोन नोबेल मिळवलेले. पण विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनची चाल मोजण्याचे, ज्याला आज आपण इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतो ते काम पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत प्रामुख्याने ज्याने केले त्या तरुणाचे नाव हार्वे इटानो. जपानी वंशाचा अमेरिकन. १९४२ साली बर्कली विद्यापीठातून तो सर्वोच्च गुणांनी पदवीधर झाला. पदवीदान समारंभात विद्यापीठाचे पदक त्याच्या हाती द्यायचे होते, पण तो हजर राहू शकला नाही. जपानशी युद्ध सुरू झाले म्हणून अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना कुंपणाच्या छावण्यांत कोंडले होते, आणि पदकाचा मानकरी त्या छावणीत होता! वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यामुळे त्याला बाहेर सोडण्यात आले. तो फाटकाच्या आत राहिला असता तर १९४९ चा निबंध कधी झाला असता कोण जाणे. आणि सहाव्या जागचा तो एक दुवा नेमका शोधणारा व्हर्नन इंग्रॅम हासुद्धा किशोरवयात नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेला निर्वासित होता. त्याने १९५६-५७ मध्ये केंब्रिजला हे काम केले.

म्हणजे कारण सापडले होते. मग औषध कधी आले? हायड्रॉक्सियुरिया हे रसायन जर्मनीत १८६९ मध्येच तयार झाले होते. त्याने सिकलसेलच्या कळा कमी होतात हे दाखवणारी मोठी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली १९९८ मध्ये. रेणूचा दोष कळल्यापासून तब्बल ४९ वर्षे! जगातला पहिला ‘रेणूचा आजार’ म्हणून पाठ्यपुस्तकात मानाचे पान, आणि रुग्णाच्या हातात पन्नास वर्षे काही नाही.

असे का झाले, याचे उत्तर एका काळ्या डॉक्टरने आकड्यांनी दिले. रोलंड स्कॉट हे त्यांचे नाव. जन्म १९०९ चा, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचे, म्हणजे काळ्यांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ. १९३९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीकडे सभासदत्वासाठी अर्ज केला. पात्रता होती, परीक्षा उत्तीर्ण होती, पण कातडी काळी होती, म्हणून अर्ज नामंजूर. १९४५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी अलोंझो स्मिथ यांना अखेर आत घेतले गेले. (या वागणुकीबद्दल त्या अकादमीने माफी मागितली ती २०२० साली. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, मागितली. आपल्याकडे अशा माफीचे एखादे उदाहरण कुणाला आठवत असेल तर जरूर कळवावे.)

स्कॉट यांच्या दवाखान्यात येणारी पोरे सिकलसेलची होती. त्यामुळे त्यांना जो प्रश्न पडला, तो पॉलिंग यांना पडलेला नव्हता. पॉलिंग यांना रेणू दिसला, स्कॉट यांना रांग दिसली. १९७० मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात त्यांनी एक छोटा लेख लिहिला. १९६७ साली अमेरिकेत सिकलसेलची अंदाजे १,१५५ नवी बालके होती. सिस्टिक फायब्रोसिस या मुख्यतः गोऱ्या मुलांत आढळणाऱ्या आनुवंशिक आजाराची १,२०६, म्हणजे जवळजवळ तितकीच. स्नायू क्षीण करणाऱ्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीची ८१३. आणि लोकवर्गणीतून जमलेला पैसा? सिस्टिक फायब्रोसिससाठी १९ लाख डॉलर, मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी ७९ लाख डॉलर, सिकलसेलसाठी एक लाखाच्याही आत. शब्दांचा फापटपसारा नाही, आरोपांची राळ नाही. फक्त रुग्णांचे आकडे आणि त्यांच्याशेजारी डॉलर.

त्याच सुमारास ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुणांनी वस्त्यांमध्ये फुकट रक्ततपासणी सुरू केली. रस्त्यावर हा रेटा आणि वैद्यकीय नियतकालिकात स्कॉट यांचा लेख, असे दोन्हीकडून दडपण आल्यावर मे १९७२ मध्ये निक्सनसारख्या अध्यक्षालाही सिकलसेल नियंत्रण कायद्यावर सही करावी लागली. हॉवर्ड विद्यापीठात सिकलसेलचे केंद्र उभे राहिले ते याच काळात. आपल्याकडे मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही १९७२ चीच. आपल्या पँथरने साहित्य हलवले, सत्तेला घाम फोडला. पण विज्ञानसंस्थांच्या दाराशी आपला रेटा पोचला नाही, आणि आजही तो तिथे नाही, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे.

अमेरिकेतही सगळे गोड झाले असे नाही. घाईघाईने तपासण्या सक्तीच्या केल्या गेल्या, वाहक आणि रुग्ण यांतला फरक न सांगता शिक्के मारले गेले, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. वाहकांना हवाई दलाच्या अकादमीचे दार १९८१ पर्यंत बंद होते. विदर्भात ‘एएस’ निघाली म्हणून मुलीचे ठरलेले लग्न मोडणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा.

भारतात सिकलसेलची पहिली वैज्ञानिक नोंद १९५२ ची, नीलगिरीच्या आदिवासींमधली. नागपूरच्या डॉक्टरांचा मध्य भारताविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला १९५८ साली. म्हणजे सरकारला हा आजार माहीत नव्हता असे म्हणायची सोय नाही. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केले १ जुलै २०२३ रोजी. ६५ वर्षे! हिंदुस्थानात स्कॉट का निर्माण झाला नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर द्यायला बाबासाहेबांच्या १९४२ च्या निवेदनापाशी जावे लागते.

१९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. २६ सप्टेंबर १९४२ रोजी सीएसआयआर, म्हणजे देशभरच्या प्रयोगशाळांची शिखर संस्था स्थापन झाली. आणि त्यानंतर सुमारे महिनाभराने, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचण्यासारखा आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमच्या लोकांचे फारसे भले होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण हवे, ते महाग आहे, म्हणून सरकारने त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात आणि मुलांना परदेशी पाठवावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः अर्थशास्त्र आणि कायद्याचे प्रकांड पंडित असलेल्या माणसाने हे लिहिले आहे! आज ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर आपली मुले कॉलेज शिकतात, तिची सुरुवात १९४४ ची आणि तिचे मूळ या खटपटीत आहे. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेही कला आणि विज्ञान महाविद्यालय म्हणून.

हे एक टोक झाले. आता दुसरे टोक पाहा.

२३ जून १९७५ रोजी केंद्र सरकारने एक कार्यालयीन आदेश काढला. अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण काही वैज्ञानिक व तांत्रिक पदांना लागू राहणार नाही, असा तो आदेश. कोणत्या पदांना? जी ‘अ’ वर्गातील सर्वांत खालच्या पायरीच्या वरची आहेत आणि जी संशोधन करण्यासाठी किंवा संशोधनाचे नियोजन, मार्गदर्शन, संचालन करण्यासाठी आहेत. साध्या भाषेत सांगायचे तर पहिल्या पायरीवर या, वरचा जिना आमचा. प्रयोग करायला हात चालतील, कोणता प्रयोग करायचा हे ठरवायला डोके मात्र आमचेच. आदेश दोन पानांचा असो की चार, त्याचा अर्थ एवढाच आहे. आणि ‘कोणता प्रयोग करायचा’ हेच तर स्कॉट यांच्या बाबतीत सगळे काही होते.

पुढे २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेशांत आरक्षणाचा कायदा आला. ओबीसींना २७ टक्के मिळाले म्हणून एकीकडे रस्त्यावर झाडू मारण्याची आणि बूट पॉलिशची ती किळसवाणी आंदोलने चालू असताना कायद्याच्या कलम ४ मध्ये शांतपणे एक सोय करून ठेवली गेली. ‘उत्कृष्ट’ संस्था, संशोधन संस्था आणि राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या संस्था यांची एक सूची जोडली आणि त्यांना हा कायदा लागू नाही असे म्हटले. त्या सूचीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिची अंगे आहेत, म्हणजे ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि परळचे टाटा कॅन्सर रुग्णालयही. जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशावर चालणारी मानेसरची मेंदू संशोधन संस्था आहे, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र आहे. ट्रॉम्बेच्या केंद्रासाठी १९७६ मध्ये, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून हजारो गरिबांना चिता कॅम्पात नेऊन टाकले होते, हे मुंबईकर वाचकांना आठवत असेल. जमीन घेताना राष्ट्रीय महत्त्व, आणि प्रवेश देतानाही राष्ट्रीय महत्त्वच आडवे!

डिसेंबर २००८ मध्ये चाळीसहून अधिक राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांना अध्यापकांच्या आरक्षणातून वगळणारे विधेयक राज्यसभेत चर्चेविना मंजूर झाले. बोंबाबोंब झाली, ते लोकसभेत पुढे सरकले नाही. पण कल्पना मेली नाही. २०१९ मध्ये अध्यापक पदांच्या आरक्षणाचा कायदा झाला. तो विभागनिहाय रोस्टरच्या कटातून आरक्षण वाचवणारा म्हणून आपण त्याचे स्वागत केले, ते योग्यच होते. त्यातही कलम ४ आहे आणि सूचीही आहे. २०२० मध्ये आयआयटीच्या संचालकांच्या समितीने तर आयआयटींनाही याच सूचीत टाका अशी शिफारस केली. सूची आधी छोटी असते, मग प्रत्येक मोठ्या संस्थेला तिच्यात बसावेसे वाटते.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो की संशोधनात तडजोड नको, गुणवत्ता हवी. ठीक आहे, गुणवत्तेचेच बोलू. हार्वे इटानोची गुणवत्ता सर्वोच्च होती, तो कुंपणाआड होता. रोलंड स्कॉटची होती, तो अकादमीबाहेर होता. आपल्याकडे मेघनाद साहा यांचे घ्या. पूर्व बंगालमधील खेड्यातील किराणा दुकानदाराचा मुलगा, जातीने खालचा मानलेला. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्याचे ताट इतरांपासून वेगळे असे. १९२० मध्ये त्याच साहांनी ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान आणि घटक ओळखण्याचे समीकरण जगाला दिले. गुणवत्ता होती तेव्हाही ताट वेगळेच होते. मग गुणवत्ता पाहिली जाते हे कशावरून मानायचे? दामोदर नदीच्या खोऱ्याच्या प्रकल्पासाठी एकीकडे साहा शास्त्रज्ञ म्हणून झगडत होते आणि दुसरीकडे मजूरमंत्री बाबासाहेब १९४४-४५ मध्ये त्याला सरकारी आकार देत होते. विज्ञान धोरणात आपला माणूस बसला तर पूर, पाणी, वीज असे प्रश्न वर येतात, त्याचा हा आपल्याच देशातला पुरावा.

परंतु सगळा दोष परिपत्रकांवर टाकून भागणार नाही. बहुतेक मुले परिपत्रकापर्यंत पोचतच नाहीत. ती आधीच गळतात. कुठे गळतात ते पालकांना ठाऊक हवे. २००० नंतर महाराष्ट्रात गावोगाव विनाअनुदानित तत्त्वावर बी.एस्सी. बायोटेकचे वर्ग निघाले. ‘येणारे शतक बायोटेकचे’ अशी जाहिरात, भरमसाट फी, आणि प्रयोगशाळेत मशीन असलेच तर कुलपात. तीन वर्षांनी हातात पदवी येते पण हाताला सवय नसते. त्यातून एम.एस्सी. आणि नेट-जेआरएफ पार केलेली मुले म्हणजे आपल्या समाजाचे सोने. तिथून पुढची पायरी लेखी परीक्षेची नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. गाईड मिळणे, प्रयोगशाळेत टेबल मिळणे, निबंधावर नाव मिळणे, शिफारसपत्र मिळणे, मुलाखतीत पसंत पडणे, हे सगळे एखाद-दुसऱ्या माणसाच्या मर्जीवर असते. जिथे उत्तरपत्रिका असते तिथे आमचा मुलगा टिकतो, जिथे मर्जी सुरू होते तिथे तो अडतो.

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात फेब्रुवारी २००८ मध्ये सेंथिल कुमार या तामिळनाडूतील दलित तरुणाने जीव दिला. तो भौतिकशास्त्राचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता आणि त्याला गाईडच मिळालेला नव्हता. त्याच विद्यापीठात रोहित वेमुला होता. जीवविज्ञानातून त्याने सुरुवात केली, पुढे विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांच्या अभ्यासाकडे वळला, म्हणजे नेमका विज्ञान धोरणाच्या दिशेने. त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. त्याची फेलोशिप कित्येक महिने थकलेली होती. १७ जानेवारी २०१६ नंतर देशाने त्याच्या जातीच्या दाखल्यावर जितका वाद घातला, त्याच्या शंभराव्या भागाइतकी चर्चा त्या थकलेल्या फेलोशिपवर केली नाही. ‘एम्स’मधील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ सालीच आलेला होता. तो कुणी गंभीरपणे घेतला असता तर पुढच्या काही गोष्टी टळल्या असत्या.

फेलोशिपचा विषय निघाला म्हणून सांगतो. मेरी डेली ही अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी पहिली काळी स्त्री. पदवी १९४७ ची, विद्यापीठ कोलंबिया, होय, बाबासाहेबांचेच. पेशीकेंद्रातील प्रथिनांवर आणि पुढे कोलेस्टेरॉल व रक्तदाब यांच्या संबंधावर तिने काम केले. तिच्या वडिलांनाही केमिस्टच व्हायचे होते. कॉर्नेल विद्यापीठात प्रवेशही मिळाला होता, पण पैसे संपले म्हणून शिक्षण सोडून ते टपाल खात्यात लागले. १९८८ मध्ये डेलीने वडिलांच्या नावाने क्वीन्स कॉलेजात विज्ञान शिकणाऱ्या काळ्या मुलांसाठी निधी ठेवला. २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर बार्टीच्या फेलोशिपसाठी महिनोन्‌महिने बसलेले आपले शेकडो संशोधक आठवा. ज्यांनी मायक्रोस्कोपवर बसायचे, ते मैदानात सतरंजीवर बसले होते.

जे यातूनही पुढे जातात, त्यांच्यासाठी ‘नन फाउंड सुटेबल’ हा शेरा तयारच असतो. राखीव जागेची जाहिरात येते, अर्ज येतात, मुलाखती होतात आणि ‘योग्य उमेदवार आढळला नाही’. ‘नेचर’ने जानेवारी २०२३ मध्ये भारतातील विज्ञानसंस्थांची सामाजिक आकडेवारी छापली. तरुण शास्त्रज्ञांना उभे करण्यासाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ फॅकल्टी फेलोशिप आहे. २०१६ ते २०२० या काळात तिचे सुमारे ८० टक्के लाभार्थी उच्चजातीय होते, अनुसूचित जातींचे ६ टक्के आणि जमातींचे एक टक्क्यापेक्षाही कमी. प्रोफेसरांच्या पातळीवर नावाजलेल्या संस्थांत दलित-आदिवासी मिळून एक टक्कासुद्धा नाहीत. स्कॉट यांनी १९७० मध्ये रुग्ण आणि डॉलर शेजारी-शेजारी मांडले होते, तसेच हे.

कधीकधी तर आरक्षण कोणते यावर भांडता-भांडता अभ्यासक्रमच बुडवला जातो. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारे एम.टेक.चे दोन अभ्यासक्रम होते. राज्याचे ६९ टक्के लागू करायचे की केंद्राचे ४९.५ टक्के, हा तंटा झाला आणि विद्यापीठाने २०२०-२१ चे प्रवेशच थांबवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला आदेश देऊन ते सुरू करायला लावावे लागले.

आता पुन्हा सिकलसेलकडे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत क्रिस्पर तंत्रावर आधारलेली पहिली सिकलसेल उपचारपद्धती मंजूर झाली. जनुकात बदल घडवून रोग आटोक्यात आणणारी. किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये! दिल्लीच्या सीएसआयआरच्या जनुकशास्त्र संस्थेतही स्वस्त देशी क्रिस्परवर काम चालू आहे. ही चांगली गोष्ट आहे आणि त्या शास्त्रज्ञांचे कौतुकच आहे. पण केंद्राच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात सिकलसेलची घोषणा झाली ती बाधित आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीची. नागपूरच्या उत्तर भागातील बौद्ध वस्ती कुठल्या ‘आदिवासी भागात’ बसते? विदर्भात हा आजार अनुसूचित जातींतही मोठ्या प्रमाणावर आहे, हे धोरण लिहिणाऱ्या टेबलाशी सांगायला कुणीतरी हवे होते. शिवाय क्रिस्पर येईल तेव्हा येईल. हायड्रॉक्सियुरियाची गोळी गोंदियाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बारा महिने मिळते का, लहान मुलांना तिची मात्रा किती द्यावी, इथल्या रुग्णांचा आजार आफ्रिकी रुग्णांपेक्षा कुठे वेगळा वागतो, हे प्रश्न प्रतिष्ठेचे नाहीत. त्यांवर परदेशी नियतकालिकात मोठा निबंध होत नाही. ते ज्याच्या घरात ‘एसएस’ आहे, त्यालाच आधी सुचतात.

म्हणून २००६ आणि २०१९ च्या कायद्यांतील कलम ४ ची सूची आणि १९७५ चा तो आदेश रद्द करण्याची मागणी आपल्या खासदारांनी संसदेत लावून धरली पाहिजे. तोवर एक काम कुणालाही करता येते. माहिती अधिकाराचा अर्ज कोणत्याही केंद्रीय संशोधन संस्थेला पाठवा आणि एवढेच विचारा: शास्त्रज्ञांच्या प्रत्येक श्रेणीत एकूण पदे किती, भरलेली किती, त्यांत अनुसूचित जाती-जमातींची किती? गेल्या दहा वर्षांत किती राखीव पदांवर ‘नन फाउंड सुटेबल’ शेरा मारला? पीएच.डी.ला प्रवेश घेतलेल्या प्रत्येक प्रवर्गातील विद्यार्थ्याला गाईड किती दिवसांत मिळाला? सिकलसेलवर किती प्रकल्प झाले आणि त्यांवर किती खर्च झाला? अर्जाची फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही माफ आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत त्याच संस्थेतील अपील अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.